अपक्ष बँड

शिवनेरीपासून भीमाशंकरपर्यंत कुठल्याही पारावर बसा आणि विचारा, या मुलखात सगळ्यात मोठं भांडण कशावरून झालं? कोणी बांधाचं नाव घेईल, कोणी पाटाच्या पाण्याचं, कोणी सरपंचकीचं. त्यांना काही माहीत नाही. या मुलखातलं सगळ्यात मोठं भांडण विलायतेतल्या चार पोरांच्या बँडच्या नव्या अल्बमवरून झालं. ते खोडदला झालं, आणि ते लावून धरणारे गृहस्थ म्हणजे आमचे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्या भांडणाला दोन बाजू होत्या. मी दोन्ही बाजूंना होतो. खरं कोण बोलत होतं हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळलंय असं छातीठोक सांगता येणार नाही.

दाजी कांदे लावणारे साधे शेतकरी, पण त्यांना कुठलीही गोष्ट बेतानं करता येत नाही. ते शिंकले की शेजारची म्हैस आटायची. नवी चप्पल घेतली तर ती पायाला लागते का हे बघायला खोडदहून नारायणगावापर्यंत चालत गेले, आणि लागते असं ठरल्यावर ती काखेत मारून एसटीनं परत आले. डॉक्टरांनी एकदा त्यांना मीठ कमी करायला सांगितलं, तर दाजींनी अक्कासकट सगळ्या घराचं मीठ बंद केलं आणि बैलांपुढचा मिठाचा खडाही उचलून फळीवर ठेवला. "घरात नेम एकच पायजे," म्हणाले. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला एकदा अपक्ष उभे राहिले, कपबशी निशाणीवर. प्रचाराला म्हणून घरोघर खऱ्या कपबश्या वाटल्या. गावानं त्या ठेवून घेतल्या आणि मतं दुसऱ्याला दिली. अजूनही खोडदला कुठंही, अगदी स्वतःच्या घरीही, चहा आला की दाजी बशी उलटी करून बघतात आणि म्हणतात, "ही आमचीच." असा माणूस एखाद्या गोष्टीच्या प्रेमात पडला तर काय होईल याचा विचार देवानं करायला हवा होता. त्यानं केला नाही.

झालं असं, की नव्वदच्या दशकात खोडदच्या माळावर त्या प्रचंड दुर्बिणी उभ्या राहिल्या. आकाशातून येणाऱ्या लहरी ऐकणाऱ्या, जाळीच्या, आभाळाकडं तोंड करून बसलेल्या कढयांसारख्या. गावात त्यांना छत्र्या म्हणत. तिथं कामाला देशोदेशीची मंडळी येत, आणि त्यांतला एक गोरा पाहुणा काही महिने दाजींच्या माडीवर राहिला. शेवग्याच्या शेंगेसारखा लांब आणि तेवढाच अबोल. दिवसभर तो आकाश ऐकायचा आणि संध्याकाळी माडीवर टेप लावून एक बँड ऐकायचा. पहिल्या संध्याकाळी खाली ओसरीवर बसलेल्या दाजींना वाटलं, गोऱ्याच्या पोटात कळ आली. त्यांनी अक्काला ओवा घेऊन वर पाठवलं. गोऱ्यानं ओवा खाल्ला, आभार मानले आणि गाणं पुन्हा लावलं. पुढं रोज ऐकून ऐकून दाजींना ते दुखणं आवडायला लागलं.

पाहुणा परत निघाला तेव्हा त्यानं ती कॅसेट दाजींना भेट दिली. दुभाषा म्हणून मला जुन्नरहून बोलावलं होतं, कारण मी शाळेत इंग्रजी शिकवायचो. शिकवायचो म्हणजे व्याकरण. प्रत्यक्ष इंग्रजाशी गाठ पडण्याची ती पहिलीच वेळ. पाहुणा बराच वेळ काहीतरी समजावत होता, की हा बँड 'इंडी' आहे, कुठल्या बड्या कंपनीचा नाही, स्वतःच्या हिमतीवर उभा आहे, कोणाच्या छत्राखाली नाही. एवढं सगळं मराठीत कसं आणायचं? मी जरा विचार केला आणि दाजींना म्हटलं, "अपक्ष आहे."

दाजींचा चेहरा जो उजळला! त्यांनी पाहुण्याला कवेत घेतलं. "आगं, आपलीच मान्सं की ही!" अक्काला म्हणाले. मग एकदम गंभीर होऊन मला विचारलं, "निशाणी काय त्यांची?" कॅसेटच्या कव्हरावर भिंतीला टेकलेल्या एका शिडीचं चित्र होतं. मी म्हटलं, शिडी. "चांगली हाय. सोपी हाय. म्हातारी मान्सं चुकत न्हाईत," दाजी म्हणाले. बँडचं खरं नाव काय होतं ते कव्हरावर लिहिलेलं होतं, पण त्या दिवसापासून आमच्या मुलखात त्याचं नाव अपक्ष बँड पडलं ते पडलंच.

आता आमच्याकडं बँड म्हणजे एकच: नवरदेवाच्या पुढं वाजतो तो. त्यामुळं गावाचा जो गोंधळ उडाला तो विचारू नका. यात्रा कमिटीची माणसं दाजींकडं आली. आमच्या नारायणगावात तमाशाचे फड राहुट्या टाकून बसतात आणि गावोगावचे पुढारी तिथं जाऊन यात्रेची सुपारी देतात. कमिटीला वाटलं, हा विलायती बँडही तिथंच कुठल्या तरी राहुटीत उतरला असणार. "दाजी, सुपारी घेत्यात का त्ये? आन् जेवणाचं काय, आपलं चालंल का?" दाजींनी शांतपणे सांगितलं, "त्ये अपक्ष हायेत. सुपारी घेत न्हाईत. मनात आलं तर येत्यात." कमिटी त्यांचा मान राखून उठली. यात्रेच्या दिवशी मात्र, न जाणो, मनात आलंच तर, म्हणून मांडवात चार खुर्च्या रिकाम्या ठेवल्या होत्या.

या बँडची कीर्ती ऐकून निमगाव सावाचे बँडमास्तर चौकशीला आले. हे खरे बँडमास्तर, क्लॅरनेट वाजवायचे. सडपातळ, केसाला कलप, लग्नसराई असो नसो, अंगात सोनेरी गोंडे लावलेला लाल कोट. धंद्यात नवा कोणी शिरला म्हणून जरा चिडूनच आले होते.

"क्लॅरनेट कोण वाजवतं?"

"न्हाई त्यांच्यात क्लॅरनेट," दाजी म्हणाले.

"ट्रम्पेट?"

"न्हाई."

"मग राव, नवरदेव पुढं सरकतो कसा?"

दाजींनी टेप लावला. मास्तर उभ्यानं ऐकायला लागले. मग ओसरीवर टेकले. मग त्यांनी कोटाचं वरचं बटण काढलं, जे त्यांनी स्वतःच्या लग्नातही काढलं नव्हतं. कॅसेटची एक बाजू संपल्यावर एवढंच म्हणाले, "भाऊ, दुसरी बाजू हाय का?" झालं. त्या दिवसापासून सबंध जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यात मिळून अपक्ष बँडचे दोन कार्यकर्ते झाले, आणि कॅसेट एक. एक आठवडा ती खोडदला राहायची, एक आठवडा निमगाव सावाला, आणि अदलाबदल नारायणगावच्या बाजारात, टमाट्याच्या पाट्यांमागं उभं राहून. दोघं एकमेकांना कॅसेट अशी द्यायचे, की बघणाऱ्याला वाटावं तान्हं मूल आहे आणि मान धरायला हवी. माझ्या भाचीच्या, म्हणजे दाजींच्या लेकीच्या, बारशाला मास्तरांनीच वाजवलं होतं. आता तिच्या लग्नालाही तेच वाजवणार, हे या दोस्तीत पक्कं झालं.

काही वर्षं अशी सुखात गेली. मग एका उन्हाळ्यात दाजींच्या टेपनं ती कॅसेट खाल्ली. फीत आतल्या चाकांत अशी गुंतली, की ओढताना टेपचा रबरी पट्टाही तुटला. दाजींनी दुकान गाठायचं सोडून सायकलची जुनी ट्यूब घेतली, कात्रीनं तिचं एक गोल कडं कापलं आणि पट्ट्याच्या जागी बसवलं. "फिरतंय की," म्हणाले. त्याच सुमारास मास्तरांच्या टेपची मोटर जळली आणि त्यांनी ती मंचरला एका कारागिराकडून बदलून आणली. त्यानं कशातली मोटर काढून कशात घातली ते त्यालाच ठाऊक. मास्तर कौतुकानं सांगायचे, "लई ताकदीची हाय, राव. पिठाची गिरणी चालंल." या दोन गोष्टी मी तुम्हाला एकापाठोपाठ सांगतोय, पण तेव्हा आम्हा कोणालाही त्या एकापाठोपाठ सुचल्या नाहीत.

आणि नेमका तेव्हाच गोऱ्या पाहुण्याचा विलायतेहून खोका आला. "नवा अल्बम आला!" म्हणून दाजी ओरडले. अक्का ओले हात पदराला पुसत धावत आली. अल्बम म्हणजे लग्नाचे फोटो; कोणाचं लग्न झालं बाई आपल्याला न बोलावता? खोक्यातून कॅसेट निघाली तशी ती म्हणाली, "याच्यात नवरी कुठाय?" आणि परत चुलीकडं गेली.

नव्या अल्बमचा पहिला मान दाजींचा. त्या आठवड्यात मी खोडदला गेलो तर घरावर सुतक पसरलेलं. टेपमधून विहिरीच्या तळातून यावा तसा खोल, जड, सावकाश आवाज येत होता. गाणारा एकेक शब्द असा सोडत होता, जसं काही तो त्याचा शेवटचा आहे. दाजींच्या डोळ्यांत पाणी. "पोरं पोक्त झाली, मेव्हणं. लई भोगलंय त्यांनी." त्या आवाजानं उसात शिरलेला बिबट्या उसातून बाहेर आला, बांधावर पुढचे पाय टाकून बसला आणि गाणं संपल्यावर मान खाली घालून निघून गेला, असं दाजी सांगतात. मी तो पाहिला नाही, पण गाणं ऐकल्यावर मला ते अशक्य वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात तीच कॅसेट ऐकायला निमगाव सावाला गेलो, तर मास्तर अंगणात एका पायावर. टेपमधून पोरं चिमण्यांसारखी किलबिलत होती, ढोल असा वाजत होता की पत्र्यावर कोणी हरभरे ओतावेत. "दाजी म्हणतात, दुःखी झालीत पोरं," मी म्हटलं. "दुःखी?" मास्तर दुसऱ्या पायावर आले. "अहो, शिंगरू सुटल्यागत चाललीत! भाऊंना सांगा, असा अल्बम शंभर वर्सात झाला न्हाई." मी चहा पिऊन घरी आलो आणि रात्रभर कपाळाला हात लावून बसलो. कॅसेट तीच होती. शिडी तीच होती. दोघांपैकी एकाचं तरी डोकं फिरलं होतं, आणि मला दोघांचंही पटत होतं.

मग वाद पेटला. प्रत्येक बाजाराला, टमाट्याच्या पाट्यांमागं. त्या नव्या कॅसेटच्या पाठीवर मी एका बड्या कंपनीचं नाव वाचून दाखवलं होतं, त्याचा दोघांनी आपापला अर्थ लावला. दाजी म्हणायचे, "निवडून आली आन् पक्षात जावं लागलं. म्हणून रडत्यात." मास्तर म्हणायचे, "पक्षात गेली, पद मिळालं, म्हणून नाचत्यात." आतल्या कागदावर त्यांच्या जाहीर कार्यक्रमाचा फोटो होता, त्यात हजारो माणसांनी हात वर केलेले. दाजींच्या मते ते हात जोडायला वर केले होते. मास्तरांच्या मते नाचायला. त्यात एक मुख्य गाणं होतं आणि त्याच्या धृपदात एकच ओळ पुन्हा पुन्हा यायची. दाजींना ती स्पष्ट ऐकू यायची, "वाढू दे... वाढू दे..." मास्तरांना तितकीच स्पष्ट ऐकू यायची, "वाजू दे! वाजू दे!" इंग्रज असं का म्हणेल, हा प्रश्न दोघांनाही पडला नाही. खरी ओळ काय आहे ते दोघांनी मला विचारलं. मी इंग्रजीचा शिक्षक. मला खोडदला 'वाढू दे' ऐकू आलं आणि निमगावला 'वाजू दे'.

दाजींनी तर वाद मिटवायला माळावरच्या छत्र्याही कामाला लावल्या. एखाद्या संध्याकाळी त्या सगळ्या पश्चिमेकडं वळलेल्या दिसल्या, की दाजी गच्चीवर चढून कान लावायचे. "आज तिकडं कार्यक्रम हाय. छत्र्या उगाच वळत न्हाईत." तासाभरानं खाली यायचे आणि सांगायचे, "सावकाशच गात्यात."

शेवटी एका बाजाराला मास्तर वैतागून म्हणाले, "भाऊ, तुमचा कान गेलाय." दाजी म्हणाले, "मास्तर, तुमाला लग्नातल्या घोड्याच्या पुढचं काय कळत न्हाई." हे बोलायला नको होतं. मास्तरांनी कोटाचं वरचं बटण लावलं आणि कॅसेट न घेताच ते निघून गेले. पुढं कित्येक महिने दोघांचं बोलणं बंद. दाजी दर बाजाराला कॅसेट खिशात घालून नारायणगावला जायचे, पाट्यांमागं उभं राहायचे, आणि कॅसेट खिशात घेऊनच परत यायचे. अक्कानं विचारलं तर म्हणायचे, "टमाट्याचा भाव बघाय गेलतो." दाजींनी जन्मात कधी टमाटा लावलेला नाही.

अशात भाचीचं लग्न ठरलं. मांडव कुठं, आचारी कोण, सगळं ठरलं. बँडचा विषय निघाला की दाजी उठून बैलांकडं जायचे. दाजी एक दिवस म्हणाले, मंचरवरनं दुसरा बँड आणू. भाची आतून बाहेर आली. ती दाजींचीच मुलगी. तिलाही बेतानं काही येत नाही.

"मास्तरकाका वाजवणार नसतील तर मी मांडवात येणार न्हाई. नवऱ्याला खुशाल कपबशीसंगं लावा लगीन."

आणि तिनं बापाला न विचारता मास्तरांना निरोप धाडला, की या, आणि येताना तुमचा टेप घेऊन या. मास्तर आले. कोटाची सगळी बटणं लावून, टेप कडेवर घेऊन. दाजी खांबाकडं तोंड करून बसले. भाचीनं दोन्ही टेप ओसरीवर शेजारी शेजारी मांडले. आधी कॅसेट दाजींच्या टेपात घातली. वाढू दे... वाढू दे... मास्तरांची मान हळूहळू वर आली. मग तीच कॅसेट काढून मास्तरांच्या टेपात घातली. वाजू दे! वाजू दे! दाजी खांबापासून वळले. मला डोक्यात काहीतरी लख्ख झाल्यासारखं वाटलं, आणि लगेच परत गोंधळ झाला, कारण दोघं एकदमच बोलले.

"मास्तर, तुमचं मशीन पळतंय."

"भाऊ, तुमचं लंगडतंय."

"आमचं बरुबर हाय!"

"मग आमचं काय चुकलं?"

"आता बास!" भाची म्हणाली. "मारुतीपासून मांडवापर्यंत नवरदेव आणाल तो काकांच्या मशीनीपरमानं. आन् मला पाठवाल ती बाबांच्या मशीनीपरमानं. कबूल असंल तर चहा टाकते."

दोघांनी एकमेकांकडं न बघता चहा घेतला. दाजींनी बशी उलटी करून पाहिली नाही, एवढ्यावरून मी ओळखलं की मन ठिकाणावर नाही. मास्तर जायला निघाले तेव्हा मात्र दाजींनी कॅसेट त्यांच्या हातात ठेवली. तशीच, मान धरायला हवी अशी.

लग्नाच्या दिवशी मास्तरांनी नवरदेव जो आणला! 'वाजू दे'च्या त्या चालीवर नवरदेवाचं घोडं, घोडेवाला, दोन्हीकडचे व्याही, सगळे मारुतीपासून मांडवापर्यंत असे आले की मुहूर्ताला अजून वेळ शिल्लक राहिला. खोडदच्या इतिहासात हे एकदाच घडलं. दाजी दारात उभे राहून हात वर करून बघत होते. जोडायला की नाचायला, ते मी विचारलं नाही. आणि संध्याकाळी पाठवणीच्या वेळी गाडीजवळ सगळे गोळा झाले तेव्हा मास्तरांनी बाकीच्या बँडला हातानं थांबवलं. एकट्यानं क्लॅरनेट उचललं आणि ते गाणं दाजींच्या टेपासारखं वाजवलं. तितकंच सावकाश, तितकंच विहिरीच्या तळातून. मास्तरांनी ते दाजींच्या टेपावर एकदाच ऐकलं होतं. भाची गाडीत बसली. दाजींचे ओठ हलत होते, वाढू दे, वाढू दे.

त्यानंतर काही वर्षांनी गोरा पाहुणा पुन्हा खोडदला आला. आता कॅसेटी गेल्या होत्या. त्याच्याकडं चकचकीत तबकडी होती आणि ती वाजवायचं नवं यंत्र. दाजी आणि मास्तर शेजारी शेजारी बसले. पाहुण्यानं तेच गाणं लावलं, जसं विलायतेत गायलं होतं तसं. ते धड रेंगाळत नव्हतं आणि धड पळतही नव्हतं. नीट, मधल्या चालीनं गेलं आणि संपलं. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"ह्ये कोन?" दाजींनी विचारलं.

"तेच," मी म्हटलं.

"बिघडली पोरं," मास्तर म्हणाले. "ना धड रडं, ना धड नाच."

"पक्षात गेल्यावर असंच व्हतं," दाजी म्हणाले. नव्या अल्बमबद्दल त्यांचं एकमत झालेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. पाहुण्यानं मला विचारलं, हे काय म्हणताहेत? मी सांगितलं, फार आवडलं म्हणताहेत.

मास्तर वारले त्यालाही आता बरेच महिने झाले. त्यांच्या बायकोनं तो मंचरच्या मोटरीचा टेप दाजींकडं पाठवून दिला. म्हणाली, आमच्यात कोणाला त्याचं गाणं सोसत नाही. आता खोडदच्या ओसरीवर दोन टेप शेजारी शेजारी असतात आणि कॅसेट एकच. एक आठवडा ती दाजींच्या टेपात असते. बाजारचा दिवस आला की दाजी ती काढतात, सदऱ्याला पुसतात आणि मास्तरांच्या टेपात घालतात. परवा मी गेलो तो नेमका बाजारचा दिवस. पोरं चिमण्यांसारखी किलबिलत होती, पत्र्यावर हरभरे पडत होते. दाजी मान हलवत बसले होते. "बघा कसं पळवतंय! मी काय म्हनत व्हतो?" असं त्यांनी टेपालाच सांगितलं आणि थोडा वेळ थांबले, समोरचा माणूस बोलेल म्हणून आपण थांबतो तसे. गाणं संपलं. खटका आपोआप वर आला. माळावरच्या छत्र्या त्या दिवशी भलतीकडंच बघत होत्या.

दाजी माझ्याकडं वळले.

"मेव्हणं, तुमी तरी म्हना की मास्तरांगत, माझा कान गेलाय म्हनून."

मी म्हटलं. दोनदा म्हटलं, चांगलं चिडून म्हटलं. दाजींनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "न्हाई," म्हणाले, "तसं न्हाई."